वयस्क त्वचा, मोजका पैसा: सहा महिन्यांच्या प्रकल्प नोंदी

४ ऑक्टोबर

कपाटाचा वरचा कप्पा आज पूर्ण रिकामा केला. बाटल्या, डब्या, ट्यूब मिळून अकरा निघाल्या. त्यातल्या सहा अर्ध्याहून जास्त भरलेल्या. एवढं असूनही आंघोळ झाली की माझा चेहरा ओढल्यासारखा होतो आणि आईच्या नडग्या रात्रभर खाजतात. मी ५८ वर्षांची, आई ८१ची. पैसा गेलाय, काम झालेलं नाही.

म्हणून हा प्रकल्प. गेल्या सहा महिन्यांत या कप्प्यावर जेवढे पैसे गेले, त्याच्या निम्म्यात आम्हा दोघींचे पुढचे सहा महिने भागवायचे. डॉक्टरांची फी धरून. तरुण दिसायचं हे उद्दिष्ट नाही. चेहरा ओढू नये, हातापायांना भेगा पडू नयेत, आईला सलग झोप लागावी आणि उन्हाने होणारं नुकसान यापुढे वाढू नये, एवढंच हवंय. आईला सांगितलं तर म्हणाली, "माझ्या पायांचं तेवढं बघ, बाकी राहू दे."

५ ऑक्टोबर

वर्गवारी. भिंग घेऊन अकराही वेष्टनं वाचली, त्यात अख्खी दुपार गेली, पण वाया नाही गेली. उघड्या डबीचं छोटं चित्र आणि त्यात ६ किंवा १२ असा आकडा असतो, म्हणजे उघडल्यापासून तेवढे महिने वापरायचं. तीन डब्या त्या हिशेबाने कधीच संपलेल्या होत्या. टाकल्या.

मग घटकांच्या याद्या. यादीत जो घटक सर्वांत जास्त तो आधी, असा उतरता क्रम असतो. एक टक्क्याच्या खालचे घटक मात्र कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. माझ्याकडचं 'रात्रीचं' महागडं क्रीम आणि साधं अंगाला लावायचं लोशन शेजारी ठेवून वाचलं. पहिले पाच घटक तेच, फक्त एकदोन जागा इकडच्या तिकडे. वेष्टनाच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात छापलेला वनस्पतीचा अर्क मागच्या यादीत सुगंधाच्याही नंतर आला होता.

कोलॅजनचं (त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन) क्रीमही होतं एक. त्वचेच्या वरच्या थरातून साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) मोठे रेणू आत जात नाहीत, असा ढोबळ नियम त्वचाविज्ञानात मानतात. कोलॅजनचा अख्खा रेणू सुमारे ३ लाख डाल्टनचा. तो वरवर ओलावा धरून ठेवेल, पण आत जाऊन गेलेल्या कोलॅजनची जागा घेणार नाही. हे क्रीम संपेपर्यंत पायांना लावेन, पुन्हा आणणार नाही.

८ ऑक्टोबर

आपल्या वयात नेमकं काय बदलतं ते थोडक्यात लिहून ठेवते, म्हणजे पुढे मोह झाला की हे पान उघडता येईल. पाळी गेल्यावरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं कोलॅजन सुमारे ३० टक्क्यांनी घटतं, पुढेही हळूहळू कमी होत राहतं. तेलग्रंथी मंदावतात. तरुणपणी वरचा थर साधारण २८ दिवसांत नवा होतो, उतारवयात त्याला ४० दिवस किंवा त्याहून जास्त लागतात. यातलं बरंचसं आपल्या हातात नाही. ऊन आपल्या हातात आहे, साबण आहे, ओलावा आहे.

११ ऑक्टोबर

सुरुवातीची मोजमापं. सकाळी नऊ वाजता, त्याच खिडकीजवळ, तोंड धुतल्यावर फोटो. समोरून, दोन्ही बाजूंनी आणि हातांच्या पाठीचा. आईची रात्रीची खाज तिनेच ० ते १० मध्ये सांगायची. आजचा आकडा ७. रात्री तीनदा उठली.

१४ ऑक्टोबर

साबण बदलला. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, सामू (पीएच) साधारण ५ च्या आसपास. नेहमीच्या साबणाचा सामू ९ ते १०. तरुण त्वचा लवकर सावरते, आपल्याला जास्त वेळ लागतो. साबणाऐवजी सौम्य, सुगंधविरहित, साबण नसलेली वडी आणली. दिसायला अगदी साबणासारखीच. चेहऱ्याला ती फक्त रात्री, सकाळी नुसतं पाणी.

आईच्या आंघोळीतही बदल केला. पाणी कढत नाही, कोमट. वेळ दहा मिनिटांच्या आत. वडी फक्त काखा, जांघा आणि पावलांना. पाय आणि हात पाण्यानेच स्वच्छ होतात, तिथे रोज फेस करायची गरज नाही. तिला पहिल्या दिवशी अंग धुतल्यासारखं वाटेना. चार दिवस करून बघ म्हटलं. या बदलाला जादा पैसा लागला नाही, उलट वडी दुप्पट दिवस पुरेल.

२० ऑक्टोबर

आज आईच्या पायांकडे पहिल्यांदा नीट बसून पाहिलं. नडगीवर बारीक पांढरे पापुद्रे, सुकलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या चौकोनी रेघा आणि नखांनी ओढल्याच्या तांबूस खुणा. कातडी इतकी पातळ की बोटाने हलवली तर कागदासारखी सुरकुतते आणि परत बसायला वेळ घेते. गेली कित्येक वर्षं मी तिच्या पायांवर घाईघाईने लोशन फिरवत होते. हे पाहतच नव्हते.

पद्धत अशी ठरली. आंघोळीनंतर टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं. अंग दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, तळहातावर ग्लिसरीनचे चार थेंब आणि थोडं पाणी एकत्र करून लावायचं. त्यावर पेट्रोलियम जेलीचा थर. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, जेली ते उडू देत नाही. कातडीतून पाणी उडून जाणं रोखायला साध्या पेट्रोलियम जेलीइतकं प्रभावी क्वचितच काही सापडतं, ते प्रमाण ९८ टक्क्यांपर्यंत सांगतात. रॉबर्ट चेसब्रो या रसायनतज्ज्ञाने तिचं पेटंट १८७२ मध्ये घेतलं. इतकी जुनी, इतकी स्वस्त वस्तू, आणि मी ती फक्त ओठांपुरती ठेवली होती.

तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या. ग्लिसरीन-पाणी आधी मिसळून बाटलीत भरून ठेवायचं नाही, त्यात जंतू वाढतात. लावताना केसांच्या दिशेने, वरून खाली, चोळल्याशिवाय. आणि लावून झाल्यावर सुती मोजे घातल्याशिवाय आईने उठायचं नाही. या वयात पाय घसरून पडणं खाजेपेक्षा कितीतरी महाग पडेल.

आणखी एक, हे लोकांना माहीत नसतं म्हणून ठळक लिहिते: जेली किंवा तेलकट मलम कपड्यांत, चादरीत मुरत राहतं आणि असं कापड पटकन पेट घेतं, धुतल्यावरही अंश उरतो. त्या कपड्यांनी गॅस, मेणबत्ती, हीटरच्या जवळ जायचं नाही.

२ नोव्हेंबर

आजची नोंद मोठी आहे, कारण माझी सर्वांत मोठी चूक आज सापडली.

मुलीकडून छोटा वजनकाटा आणला. ग्रॅमचे दशांश दाखवणारा. सनस्क्रीनची ट्यूब सकाळी लावण्याआधी आणि नंतर मोजली. फरक ०.३ ग्रॅम. तीन दिवस मोजलं, तीनही दिवस ०.३ च्या आसपास.

आता हिशेब. वेष्टनावरचा एसपीएफचा, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा, आकडा प्रयोगशाळेत दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावून काढलेला असतो. माझा चेहरा, कान आणि मानेचा पुढचा भाग मिळून अंदाजे ६०० चौरस सेंटीमीटर धरले, तर एका वेळेला १.२ ग्रॅम हवेत. मी पाव भाग लावत होते. पाव थरात ३० चा आकडा ३० राहत नाही, तो पावाइतका किंवा त्याहूनही खाली येतो. ५० ग्रॅमची ट्यूब मला पाच महिने पुरायची आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. पुरवून पुरवून वापरते, असं मी सगळ्यांना सांगायचे. खरं तर ती ट्यूब ४० दिवसांत संपायला हवी होती. पाच महिने मी पैसे भरून जवळपास उघड्या चेहऱ्याने उन्हात फिरले.

आईच्या लोशनचंही तेच. क्रीम मोजायला डॉक्टर एक सोपं माप वापरतात: ट्यूबमधून तर्जनीच्या शेवटच्या पेरावर काढलेली पट्टी. ती साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. गुडघ्याखालच्या एका पायाला अशी तीन पेरं, कोपरापुढच्या हाताला दीड. दोन्ही पाय, दोन्ही हात मिळून नऊ पेरं, म्हणजे साडेचार ग्रॅम, आणि ते दिवसातून दोनदा. मी तिला ७५ ग्रॅमची सुवासिक बाटली दोन महिने पुरवत होते.

हातात पैसा कमी असला की आपण वस्तू दहा घेतो आणि प्रत्येक थोडी थोडी लावतो. निदान मी तरी तसंच केलं. आता उलट करायचं: वस्तू चार, पण पोटभर. आजपासून आईसाठी ५०० ग्रॅमची सुगंधविरहित मलईची (अंगाला लावायच्या घट्ट क्रीमची) बरणी, ती ५५ दिवस जायला हवी. दर ग्रॅमचा भाव काढला तर छोट्या सुवासिक बाटलीपेक्षा बरणी कितीतरी स्वस्त पडली. जेली आता फक्त रात्री आणि टाचांना. सनस्क्रीन घेताना 'चेहऱ्यासाठी' हा शब्द पाहायचा नाही. एसपीएफ ३० किंवा वर, अतिनील-ए आणि अतिनील-बी (उन्हातल्या अतिनील किरणांचे दोन प्रकार) दोन्हींपासून संरक्षण आणि मोठी ट्यूब, एवढंच पाहायचं. ३० चा आकडा अतिनील-बीचे सुमारे ९७ टक्के किरण अडवतो, ५० चा सुमारे ९८. त्या एका टक्क्यासाठी जास्त पैसे देण्यापेक्षा ३० चं पुरेसं लावणं शहाणपणाचं.

५ नोव्हेंबर

सनस्क्रीनचं प्रमाण चौपट झालं म्हणजे खर्चही चौपट. तो कुठून काढायचा? क्रीम लावावं लागेल ती जागाच कमी करायची. सर्व बाजूंनी रुंद काठाची टोपी आणि दाट विणीचा, लांब बाह्यांचा सैल सदरा. कापड उजेडाकडे धरून पाहिलं, ज्यातून प्रकाश आरपार दिसला ते बाजूला ठेवलं. टोपी एकदा घेतली की वर्षानुवर्षं चालते, दर दोन तासांनी पुन्हा लावावी लागत नाही. आता क्रीम चेहरा, कान, मान आणि हातांची पाठ एवढ्यालाच. अतिनील निर्देशांक ३ किंवा त्याहून जास्त असेल तेव्हा काळजी घ्यायची, हा साधा मापदंड. हवामानाच्या अंदाजात तो आकडा फुकट मिळतो.

१९ नोव्हेंबर

चूक. गेल्या आठवड्यात रेटिनॉलचं (अ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) सीरम आणलं. सगळ्या क्रीमांच्या गर्दीत सुरकुत्यांवर सर्वांत भक्कम पुरावा असलेलं घराणं हे, म्हणून आणलं. पण मी ते सलग पाच रात्री लावलं. नाकाच्या कडा आणि तोंडाचे कोपरे लाल झाले, हनुवटीवरून सालं निघतायत. साधं पाणीसुद्धा झोंबतं. वेष्टनावर 'रोज रात्री' असं छापलंय, आठवड्यातून दोनदा सुरू करा हे कुठेच नाही. त्या कंपनीला मी पत्र लिहिलं आहे.

सगळं बंद. फक्त पाणी, मलई, वरून जेली.

३० नोव्हेंबर

चेहरा शांत झाला. अकरा दिवस लागले. आईची खाज ४. रात्री एकदाच उठते.

१२ डिसेंबर

मैत्रीण काळजीने लिंबाचा रस आणि खाण्याचा सोडा सुचवून गेली. डाग जातात म्हणे. तिला समजावून सांगितलं, इथेही लिहिते. लिंबाचा रस तीव्र आम्ल, सोडा अल्कधर्मी, दोन्ही त्वचेला घातक. शिवाय लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं तर भाजल्यासारखे फोड येऊन महिनोन्महिने टिकणारे काळे डाग पडू शकतात. ज्या डागांसाठी लावायचं, तेच वाढायचे.

स्वयंपाकातली सगळी तेलंही सारखी नसतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात प्रौढांच्या हातावर ऑलिव्ह तेल काही आठवडे लावलं, तेव्हा त्वचेचं संरक्षक आवरण कमकुवत झालेलं दिसलं, सूर्यफुलाच्या तेलाने तसं झालं नाही. 'नैसर्गिक' या शब्दावरून काही ठरवता येत नाही. क जीवनसत्त्वाचं सीरमही यादीतून काढलं. ते चांगलं असतं, पण हवा-उजेडाने लवकर बिघडतं आणि आपल्या पैशांत अर्धी बाटली तपकिरी होऊन टाकावी लागेल.

१७ जानेवारी

आईच्या कानशिलावर एक खरखरीत तपकिरी खपली आहे. दिवाळं वाजेल या भीतीने मी तीन आठवडे डॉक्टरांकडे जायचं टाळलं, हे लिहायला मला वाईट वाटतं. आज गेलो. या प्रकल्पात फीचा वाटा पहिल्या दिवशी वेगळा काढला होता तो याचसाठी.

डॉक्टरबाईंनी भिंगाच्या दिव्याने नीट पाहिलं. वरून चिकटवल्यासारखी दिसणारी, म्हातारपणी हमखास येणारी निरुपद्रवी वाढ निघाली, काढायचीही गरज नाही. पण त्यांनी आईलाच थेट सांगितलं, "आजी, न भरणारी जखम, सतत रक्त येणारा डाग, आकार-रंग बदलणारा तीळ, असं काही दिसलं तर तीन-चार आठवड्यांच्या वर थांबायचं नाही." तिळाबाबत पाहायच्या गोष्टी: दोन अर्धे सारखे नसणं, कडा वेड्यावाकड्या, एकाहून जास्त रंग, ६ मिलिमीटरहून मोठा व्यास आणि बदल. शेवटची सर्वांत महत्त्वाची. खाजेबद्दलही बोलल्या. मलईने उतार पडला नसता तर रक्त तपासलं असतं, कारण थायरॉइड, मूत्रपिंड, यकृत, लोहाची कमतरता किंवा चालू औषधं यांमुळेही म्हातारपणी अंग खाजतं.

माझ्या चेहऱ्याची गोष्टही सांगितली. रेटिनॉलचं त्वचेत दोन पायऱ्यांनी रेटिनॉइक आम्ल व्हावं लागतं, आणि ट्रेटिनॉइन म्हणजे तेच आम्ल तयार स्वरूपात. मुळात हे मुरुमांचं औषध. अल्बर्ट क्लिगमन या त्वचारोगतज्ज्ञांनी उन्हाने म्हाताऱ्या झालेल्या त्वचेवरचा त्याचा परिणाम १९८६ मध्ये मांडला. डॉक्टरबाईंनी ०.०२५ टक्क्यांचं साधं जेनेरिक लिहून दिलं. सीरमपेक्षा स्वस्त! गरोदरपणात मात्र ते वापरायचं नाही, म्हणून मुलीला हात लावू देणार नाही.

२० जानेवारी

आजपासून सुरुवात. आधी मलई, वीस मिनिटांनी वाटाण्याएवढं औषध अख्ख्या चेहऱ्याला, वरून पुन्हा मलई. डोळ्यांभोवती आणि ओठांच्या कोपऱ्यांना आधीच जेली. पहिला महिना आठवड्यातून दोन रात्री, सोसलं तर तीन.

हे एकच औषध असं की ज्यात कमी लावणंच बरोबर. वाटाण्याएवढं म्हणजे पाव ग्रॅम धरला, तर आठवड्याला तीन रात्रींनी २० ग्रॅमची ट्यूब सहा महिने जाईल. सनस्क्रीनला सढळ हात, याला आखडता. माझं आजवर नेमकं उलटं होतं.

९ फेब्रुवारी

खिडकी. माझं शिवणाचं टेबल कित्येक वर्षं डाव्या बाजूला काच येईल असं होतं. ऑक्टोबरचे फोटो आज पुन्हा पाहिले तेव्हा लक्षात आलं की डाव्या गालावरचे डाग उजव्यापेक्षा जास्त आहेत. २०१२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो छापला होता. २८ वर्षं ट्रक चालवून खिडकीकडची त्याची बाजू दुसऱ्या बाजूपेक्षा कितीतरी जास्त सुरकुतलेली. साधी काच अतिनील-बी बहुतेक अडवते, पण अतिनील-ए बरंचसं आत येऊ देते. आणि सुरकुत्या, डाग यांत अतिनील-एचा वाटा मोठा.

टेबल फिरवलं. काच आता समोर, पण दूर. खर्च शून्य. एवढी साधी गोष्ट वीस वर्षं सुचली नाही.

३ मार्च

आईची बरणी ठरल्या दिवसाच्या दोन दिवस आधी संपली. नवी उघडली. नडगीवरच्या चौकोनी रेघा गेल्यात, ओरखडे भरलेत. टाचेची एक भेग अजून हट्टी आहे, तिच्यासाठी १० टक्के युरिया असलेलं क्रीम आणलं. फक्त टाचेपुरतं. भेगेत चिरलेलं असेल तर ते झोंबतं, म्हणून आधी दोन रात्री जेलीने मऊ केलं.

२९ मार्च

हिशेब लागला. ठरवलेल्या रकमेत भागलं, थोडी उरलीही. निम्म्याहून जास्त पैसे सनस्क्रीन आणि मलईच्या बरण्यांवर, मग डॉक्टरांची फी, मग टोपी. ट्रेटिनॉइन, ग्लिसरीन, जेली, वडी हे सगळं मिळून अगदी थोडं. सर्वांत वाया गेलेला खर्च नोव्हेंबरमधलं सीरम.

त्याच खिडकीजवळ, नऊ वाजता फोटो काढले. चेहऱ्यावरच्या रेघा जशाच्या तशा. औषधाला दहा आठवडेच झालेत, तीन ते सहा महिने द्यायचे असतात. पोत मात्र बदललाय. गालावर हात फिरवला तर खरखर लागत नाही, आंघोळीनंतर ओढत नाही. हातांच्या पाठीवर नवा डाग नाही. आईची खाज १. गेले तीन आठवडे ती सलग झोपते, सकाळी मलाच उठवायला येते.

३१ मार्च

सनस्क्रीनची नवी ट्यूब उघडली. मार्करने तिच्यावर आजची तारीख लिहिली आणि खाली 'संपायला हवी: १० मे'. आई खुर्चीत बसून दोन्ही पाय पुढे करून वाट पाहत होती. मी बरणी उघडली तशी ती माझ्या बोटांकडे पाहत पेरं मोजू लागली.

"तीन झाली का गं या पायाला?"

"दोनच झाली."

"मग घाल अजून एक."